साऊंडवालाच प्रोग्राम सोडून उठला तेव्हाची गोष्ट

साऊंडच्या धंद्यात मला आता २२ वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आपलं दुकान आहे, दुकान म्हणजे टिनाचं गोडाऊन अन् बाहेर उभी असलेली एक जुनी टाटा ४०७ गाडी. लग्न, भागवत सप्ताह, दुर्गादेवी, १४ एप्रिल, प्रचारसभा, जे येईल ते करतो. बाबांच्या काळात दोन भोंगे, एक अहुजाचं मशीन अन् एक माईक एवढाच माल होता, आता गाडी भरायला चार पोट्टे लागतात.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मी स्वतः पैसे देऊन गेलेला प्रोग्राम अर्ध्यातून सोडून आलेला माणूस आहे. काही वर्षांपूर्वी नागपूरला एका मोठ्या गायकाचा शो होता, नाव नाही सांगत, बायकोची लय इच्छा होती म्हणून दोन तिकिटं काढली, एक पंधराशेचं. साहेब दोन तास उशिरा आले, आले ते धावत आले अन् नाचतच राहिले, गाणं मागून ट्रॅकवर चालू, माईक तोंडापासून हातभर लांब गेला तरी आवाज तेवढाच. अन् बेस असा की पोटातलं पाणी हलत होतं. तिसऱ्या गाण्याला मी उठलो. बायको म्हणे, "अहो तीन हजार रुपये!" मी म्हटलं, चल, याच्यापेक्षा हल्दीरामात बसू. परतीच्या एसटीत मी तिला पूर्ण रस्ताभर सांगत राहिलो की हा मिक्सिंगवाला कसा बहिरा आहे, ऑडियन्सच्या कानाचा विचार कसा करत नाही. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगावर येणार आहेत.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी महिना, महादेवाची यात्रा, गाव आमच्याकडून पस्तीसेक किलोमीटर. यात्रा कमिटीने या वेळी ऑर्केस्ट्रा न आणता अमरावतीकडचे एक गायक बोलावले होते, गझल, भावगीत अन् शेवटी दोन-चार भजनं असा बेत. पेटी, तबला, एक कीबोर्ड, एक पॅडवाला. एवढ्या कार्यक्रमाला दोन टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर) दोन बेस (जाड आवाजाचे डबे) बास झाले असते. पण अध्यक्षाचा फोन आला, बाजूच्या गावात मागच्या वर्षी आठ बेस होते, आपल्याकडे कमी दिसले तर इज्जत जाते. मी म्हटलं भाऊ गझल आहे ती. तर म्हणे, "असू द्या ना, पैसे आम्ही देऊन रायलो ना? आवाज नदीपल्याड गेला पायजे." आपल्याला काय, भाडं आठचं भेटत होतं, आठ नेले. गझलेला आठ बेस म्हणजे वरणभातावर अर्धा पाव तिखट.

जागा होती जिल्हा परिषदेच्या शाळेचं ग्राउंड. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला टिनाचं शेड, मध्ये पाचशे प्लास्टिकच्या खुर्च्या. मिक्सर, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायचं मशीन, मी नेहमी मागे लावतो, स्पीकरपासून सत्तर-ऐंशी फुटावर. तिथून एक फायदा असा की कोण कधी उठलं हे गाणाऱ्याच्या आधी आपल्याला दिसते. गाणाऱ्याच्या डोळ्यावर लाईट असतो, त्याला पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे अंधारच. अन् इतक्या वर्षांत मला उठणारा माणूस पाठीवरून ओळखू येतो. लघवीला जाणारा खुर्चीवर रुमाल टाकून जातो. कंटाळलेला आधी दहा मिनिटं मोबाईल पाहतो, मग आळस देत उठतो, जाता जाता दोघांशी बोलतो. अन् आवाजाला भिऊन उठणारा मागे वळून पाहत नाही, लेकराच्या कानावर हात ठेवून सरळ निघतो, जवळपास पळतच.

त्या दिवशी तिसरा प्रकार होता, अन् मला तो दिसत असून कळला नाही.

साडेसातला सुरुवात झाली, खुर्च्या फुल, मागे पोट्टे मोटरसायकलवर बसलेले. दुसऱ्याच गाण्याला डाव्या बाजूच्या बायांची एक पूर्ण रांग उठली. मला वाटलं थंडी असेल. मग म्हातारे उठले. मग पहिल्या रांगेतले सरपंच, ते तर सोफ्यावर होते. मी मनात म्हटलं, गायक पडेल दिसते, गझल आपल्या लोकांना चालत नाही, कमिटीने पैसे पाण्यात घातले. अध्यक्ष धावत माझ्याकडे आला, "पब्लिक चालली ना भाऊ, आवाज वाढव!" मी वाढवला. अजून तीसेक उठले. तो परत आला, अजून वाढव. असं तीनदा झालं, म्हणजे लोक आवाजाने पळून राहिले होते अन् आम्ही त्यांना आवाजानेच बोलावून राहिलो होतो.

यात एक गोष्ट धंद्यातलीच आहे जी मला माहीत होती पण तेव्हा डोक्यात आली नाही. माणसं आवाज पितात, कपडे, अंग, डोक्यावरचे पदर, सगळं जाड पडद्यासारखं काम करते, खास करून बारीक टोकदार आवाजाला. माणूस उठला की उरते ती प्लास्टिकची खुर्ची, ती काही पीत नाही, उलट फेकते. मग शाळेची भिंत फेकते, टिनाचं शेड तर विचारूच नका. म्हणजे ग्राउंड जितकं रिकामं होत होतं तितका आवाज आणखी कडक होत होता, बसलेल्यांना आणखी टोचत होता, अन् मी वरून फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, ढकलत होतो.

माझ्यासोबत माझा भाचा होता, बहिणीचा पोरगा, १९ वर्षांचा, आयटीआय करतो अन् सीझनला माझ्याकडे येतो. तो म्हणे, "मामा, बारीक शिट्टी होऊन रायली." मी कान दिला, कुठे काही नाही. म्हटलं कुठं बे? थोड्या वेळाने परत, "मामा, शिट्टी." मी चिडलो, म्हटलं तू केबल पाय, मिक्सर मी पायतो.

पाचशेपैकी सव्वाशे उरले असतील तेव्हा माझं डोकं भणकलं. इतकी माणसं घरी गेली म्हणावी तर रस्त्याकडून लाईट अन् गलबला दिसत होता. भाच्याला मिक्सरवर बसवलं अन् मी निघालो. चालू प्रोग्राममध्ये साऊंडवाला मिक्सर सोडून जात नाही, ड्रायव्हरने चालती गाडी सोडण्यासारखं आहे ते, मी २२ वर्षांत कधी केलं नव्हतं.

एसटी स्टॉपजवळ चहाची टपरी आहे, ग्राउंडपासून साधारण दीडशे मीटर. तिथे पाहतो तर अख्खी पब्लिक तिथेच! बाया पाराला टेकून बसलेल्या, लेकरं मांडीवर झोपलेली, म्हातारे टपरीच्या बाकावर, अन् सगळे गाणं ऐकून राहिले. गायक तिकडे रिकाम्या खुर्च्यांसाठी जीव तोडून गात होता अन् इकडे लोक वाहवा करत होते. अन् खरं सांगतो, तिथून ते गाणं काय सुंदर लागत होतं. तबल्याची थाप वेगळी, पेटी वेगळी, शब्द न् शब्द कळत होता. गायक पडेल नव्हताच.

एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, बाबा इकडे काहून बसले, तिकडे खुर्च्या रिकाम्या आहेत ना. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं. म्हणाले, "गाणं चांगलं हाये रे बाप्पा, पण तो मशीनवाला भैताड हाये. कानात दाभण टोचल्यावानी करून रायला." बाजूला एक शाळेतली पोरगी होती, तिने तर बरोबर नेमकंच सांगितलं, "काका, त्या गाण्यात 'स' आला का टोचते. 'श' आला का आणखीच टोचते." मी चहा घेतला अन् काही बोललो नाही. टपरीवाल्याने पैसे घेताना विचारलं, "तुमीच का हो मशीनवाले?" माझ्या टी-शर्टवर पाठीमागे दुकानाचं नाव मोबाईल नंबरसकट छापलेलं होतं. म्हणजे मी पाठ फिरवल्यावर बाबांनीही ते वाचलंच असेल.

परत येताना हिशोब डोक्यात आपोआप चालू झाला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरून दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, पाच वेळा दुप्पट, म्हणजे तीस डेसिबल कमी. पहिल्या रांगेत उभा राहून फोनमधलं अ‍ॅप लावलं तर १०४ दाखवत होतं. फोनचं अ‍ॅप काही खरं मीटर नसते, चार-पाच इकडेतिकडे धरा. पण १०४ मधून ३० गेले की ७४, तो टपरीवरचा आवाज. अन् १०४ म्हणजे काय, तर कानाच्या हिशोबात ८५ डेसिबल आठ तास चालते, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा. १०० ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये प्रोग्रामच्या जागेसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० हीच वरची हद्द सांगितली. मग १०४ ला सहा मिनिटंही नाही, एक गझल आलाप धरून त्याच्यापेक्षा मोठी असते. त्या बाया दुसऱ्या गाण्याला उठल्या त्या काही उगाच नाही. कायद्याचं तर बोलतच नाही, रहिवासी भागाला दिवसा ५५ ची मर्यादा आहे, ५५ मध्ये आमच्याकडे दोन माणसं भावकीचं बोलणंही करू शकत नाहीत.

मिक्सरवर आलो. भाचा म्हणे, "मामा, मी जरासं कमी केलं, रागावू नका." मी ईक्यू पाहिला, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची बटणं. चार हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे आवाजाची धार असते अन् 'स' 'श' तिथल्याच आसपास टोचतात, तिथे माझ्याच हाताने चांगलं सहा-सात डेसिबल वर चढवलेलं. मला तेव्हा ते बरोबर वाटत होतं. आवाज "उघडा" वाटावा म्हणून मी नेहमीच तेवढं ठेवतो, अन् नेहमी म्हणजे गेली चार-पाच वर्षं, त्याआधी ठेवत नव्हतो. मी भाच्याला म्हटलं, परत चढव, दाखव मला शिट्टी कुठे आहे. त्याने चढवलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, पुढच्या रांगेतल्या दोघांनी कानावर हात ठेवले. मला काहीच आलं नाही. थोडी चमक आल्यासारखी वाटली, बस.

तिथे खुर्चीवर बसून राहिलो मी. नागपूरच्या त्या मिक्सिंगवाल्याला मी बहिरा म्हटलं होतं.

भाच्याला म्हटलं आता तू कर. त्याने सहा बेस बंद केले, धार कापली, मास्टर, म्हणजे सगळा मिळून आवाज, इतका खाली आणला की अध्यक्ष पळत आला, बिघडलं का काही म्हणून. मी त्याला बाजूला धरून ठेवलं. साडेनऊ होऊन गेले होते, दहाला बंद करावंच लागते, जमादार गेटवर उभाच होता. भजनं सुरू झाली, गायकाने खंजेरी मागवली, गावातल्याच एकाने आणून दिली. चाळीस-पन्नास लोक परत आले, बाकीचे टपरीवरच राहिले, त्यांचं तिथे जमलं होतं. पण कोणी उठलं नाही हे नक्की. उलट एक बाई पुढे येऊन बसली, लेकरू मांडीवर, झोपलेलं, ते शेवटपर्यंत जागं झालं नाही. मी गाण्याकडे कमी अन् त्या लेकराकडे जास्त पाहत होतो.

कमिटीने हिशोबात दोन हजार कापले, पब्लिक पळाली म्हणून. मी वाद घातला नाही. आठ बेस तुम्हीच मागितले होते असं म्हणता आलं असतं, पण त्या चार हजार हर्ट्झचं काय सांगणार.

आठ दिवसांनी यवतमाळला जाऊन कान तपासले. बंद खोलीत हेडफोन लावतात, बारीक टूं टूं आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट पाहत बसलो, मला वाटलं मशीन बंद आहे, अन् बाहेर डॉक्टरबाई टूं टूं देऊन राहिल्या होत्या. ग्राफ हातात दिला, सगळीकडे बरी असलेली रेघ चार हजारावर विहिरीत पडल्यासारखी खाली, पुढे आठ हजाराला थोडी वर. त्यांनी कामधंदा विचारलाच नाही, म्हणाल्या, "डीजे आहे का तुमचा?" आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आता आहे तेवढं सांभाळा. मी विचारलं रात्री प्रोग्रामवरून आलो की कानात रातकिडे वाजतात ते थकव्याने ना? त्या नुसत्या पाहत राहिल्या.

बायकोला सांगितलं तर ती म्हणे, "टीव्हीचा आवाज तुम्ही किती ठेवता हे मी पाच वर्षांपासून सांगून रायली." तेही मला ऐकू आलं नसेल.

आता मिक्सरवर भाचा बसतो. मी वायर, जनरेटर अन् पैशाचं पाहतो, कानात बोळे असतात. परवा कळंबकडे एक भजनाचा कार्यक्रम होता, सुरू झाल्यावर मी पार मागे रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. भाच्याचा फोन आला, "मामा, मागे कसं वाटून रायलं?" म्हटलं मला काय विचारतो बे, शेवटच्या रांगेत लेकरू घेऊन बसली ना ती ताई, तिला जाऊन विचार.