तुम्ही विचारलंत म्हणून: दुखण्याचं नाव मी का सांगत नाही

“तुम्हाला एकेक स्नायू पाठ आहे, मग माझा खांदा कशाने दुखतोय ते सांगायला काय हरकत आहे?” ट्रेनर म्हणून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. त्यामागचा सूरही ओळखीचा आहे: हिला येत नसावं, नाहीतर ही अंग काढून घेतेय. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

हात वर नेताना खांदा दुखतो, एवढंच मला समोर दिसतं. तेच दुखणं खांद्याभोवतीच्या स्नायुबंधाचं असेल, सांधा आखडत चालल्याचं असेल किंवा मानेत दबलेल्या नसेचं असेल. डावा खांदा जिना चढताना दुखून थांबल्यावर बरा होत असेल, तर ते हृदयाचंही असू शकतं. हे वेगळं करायला तपासणी लागते, कधी एक्स-रे, कधी ईसीजी, कधी रक्त. त्यातलं काहीच माझ्या हातात नाही. तरीही मी अंदाजाने नाव सांगितलं, तर तो अंदाज तुमच्यासाठी निकाल ठरतो. एकदा नाव मिळालं की माणूस शोध थांबवतो. मला भीती त्याची वाटते.

पोटरीचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण माझं बहुतेक म्हणणं त्यातच आहे.

पंचेचाळिशीतले एक सदस्य लांबचा, बसून केलेला प्रवास आटोपून आले. डावी पोटरी दोन दिवस दुखत होती. कुणीतरी सांगितलं होतं, “स्नायू भरलाय, रोलर फिरवा, मोकळा होईल.” त्यांना ते पटलंही होतं. त्यांची मागणी साधी होती: दहा मिनिटं पोटरी दाबून द्या, मग पायांचा व्यायाम करू.

स्नायू ताणला जातो तेव्हा माणसाला बहुधा तो क्षण आठवतो. धावताना किंवा उडी मारताना मागून काहीतरी तटकन लागल्यासारखं होतं. इथे असा क्षणच नव्हता. व्यायामाने स्नायू भरतो तो सवय नसलेल्या कामानंतर, आणि दोन्ही पायांवर सारखा भार आला असेल तर दोन्हीकडे. इथे दुखत होता एकच पाय, आणि व्यायाम तर आठवडाभर बंद होता. डाव्या पायावर मोज्याचा वळ खोल उमटला होता. पोटरी उजवीपेक्षा गरम आणि किंचित लालसर होती. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटीमीटर खाली टेप लावून दोन्ही पाय मोजले. डावी पोटरी 3 सेंटीमीटरहून जास्त मोठी भरली.

डॉक्टर हेच माप, याच जागी, खोल शिरेतल्या गुठळीचा अंदाज बांधताना इतर बऱ्याच निकषांसोबत धरतात. फरक कमी भरला असता तरी मी त्यांना पाठवलंच असतं. टेप निर्णयासाठी नव्हती, डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीत आकडा लिहिता यावा म्हणून होती. पाऊल वरच्या बाजूला दाबून पोटरी दुखते का ते बघण्याची एक जुनी चाचणी अजून सांगितली जाते. तिच्यावर विसंबता येत नाही, ट्रेनरने तर ती करूच नये.

रोलर का नको, तर शिरेत गुठळी असेल आणि ती किंवा तिचा तुकडा सुटला, तर रक्ताबरोबर जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो. म्हणून त्यांना सांगितलं: दाबायचं नाही, शेकायचं नाही, आज व्यायाम नाही. डॉक्टरांकडे आजच जायचं. अचानक धाप लागली, छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर आली, तर थेट रुग्णवाहिका बोलवायची. ते चिडले. पैसे भरलेत, वेळ काढून आलोय, आणि साधी पोटरी दाबून देत नाही म्हणजे काय? शेवटी गेले. डॉप्लर सोनोग्राफीत गुठळी निघाली आणि गोठणं रोखणारी औषधं सुरू झाली.

इथे माझं स्वतःशीच भांडण आहे. एकेकाळी माझा नियम कडक होता: आजाराचं नाव तोंडातून निघता कामा नये, फक्त “डॉक्टरांना दाखवा” म्हणायचं. पण नुसतं “दाखवा” ऐकून माणूस सवडीने, सुट्टीच्या दिवशी जातो. त्यांना हलवलं ते “शिरेत गुठळी तर नाही ना, हे आजच बघून घ्यायला हवं” या वाक्याने. हे निदान झालं का? मी म्हणते, नाही. शंका बोलून दाखवणं वेगळं, निकाल देणं वेगळं. माझं हे उत्तर सगळ्यांना पटत नाही, आणि त्यांचा आक्षेप मला पुरता खोडूनही काढता येत नाही.

पाठवते म्हणजे नुसतं घालवून देत नाही. चिठ्ठीत दुखण्याची जागा, सुरुवात कधी झाली, कोणत्या हालचालीने वाढतं, किती वेळ टिकतं, आणि आम्ही कोणता व्यायाम किती वजनाने करत होतो, हे सगळं लिहिते. निदानाचा एक शब्द नसतो. उलट डॉक्टरांकडून “जिमला हरकत नाही” एवढीच ओळ आली तर तिचा मला उपयोग नाही. नाडी कितीपर्यंत चालेल, कोणती हालचाल टाळायची, किती वजन, किती आठवडे, हे लिहून आणा असं मी म्हणते तेव्हा तुम्हाला तो छळ वाटतो. पण त्याशिवाय माझी आखणी आंधळी असते.

औषधांचंही असंच. काही बीपीच्या गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, नाडी वाढूच देत नाहीत. तिथे नाडी जास्तीत जास्त किती जाईल याचं 220 वजा वय हे सूत्र लावलं तर माणूस दमून जातो आणि आकडा मात्र खालीच राहतो. मग 0 ते 10 च्या मापावर किती जड जातंय ते विचारायचं आणि बोलताना वाक्य तुटतंय का ते ऐकायचं. गोळी कोणती हे विचारणं माझं काम आहे, ती कमी करा म्हणणं नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर 70 च्या खाली गेली तर व्यायाम थांबवून 15 ग्रॅम साखर द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. हा प्रथमोपचार झाला. डोस किती घ्यायचा, ते मला विचारू नका.

आहारात माझी हद्द त्यामानाने मोकळी आहे. निरोगी माणसाला जेवणात प्रथिनं पुरेशी आहेत का, एवढं मी सांगू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तोही सल्ला आहारतज्ज्ञाचा. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, घेत असाल तर रक्त तपासण्याआधी डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्याने रिपोर्टमधलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम जोखायचा आकडा, वाढलेलं दिसू शकतं आणि किडनी बिघडली की काय असा घोर लागतो.

राहिला गुडघा, आणि तिथे माझी रेघ पुसट होते. खोल बसताना दुखतं म्हणून मी स्क्वॉटची खोली कमी करते, मागे बाक ठेवते, वजन उतरवते, खाली जायचा वेग मंद करते. फिजिओने हेच केलं तर त्याला उपचार म्हणतात. मी त्याला व्यायामाची आखणी म्हणते, कारण दुखणं घालवायचा दावा मी करत नाही, माझं लक्ष व्यायाम चालू ठेवण्यावर असतं. पण बऱ्याचदा दुखणं जातं, आणि तुम्ही म्हणता, तुम्हीच बरं केलंत. त्यावर माझ्याकडे धड उत्तर नसतं. सूज आली, गुडघा अडकला किंवा पाय लटपटला तर मी लगेच पाठवते. तसं काही नसेल तर दोन आठवडे बदल करून बघते, आणि फरक पडला नाही तर पाठवते. दोनच का, तीन का नाहीत, असं कुणी विचारलं तर त्याला शास्त्रातला आधार मला दाखवता येणार नाही. कुठेतरी थांबायला हवं म्हणून मी तिथे थांबते.