चवथीच्या चौरंगाची झालर

क्रोशाची सुई हातात धरता येते म्हणून लोक समजतात की झालर आपोआप होते. विणणं हा त्यातला सोपा भाग. सूत, आलेख, धुणं आणि शेवटी ते कापडाला जोडणं, यात झालर बसते किंवा फसते. यंदा चवथीला (गणेश चतुर्थीला) चौरंगाच्या पुढ्यात सोडायला चार फुटांची झालर केली, तेव्हा हे सगळं हाताखालून गेलं.

नमुना मिळाला शेजारच्या आंटीकडून. गोव्यात क्रोशा मुरला तो बराचसा कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांच्या हाताखाली, आणि ख्रिस्ती घरांतल्या आल्तारावरच्या (वेदीवरच्या) कापडांना अजून तशी कड दिसते. आंटीच्या पट्टीवर द्राक्षांचे घोस आणि मधे मिस्साचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीतला, पेला होता. मी घुटमळले, तर तीच म्हणाली, ‘‘हो पेलो काड आनी थंय तुमचो कळस घाल.’’ पेल्याचं पोट आणि बैठक तशीच ठेवली, वर आंब्याची पानं आणि नारळ चढवला. द्राक्षांना हातच लावला नाही. नाहीतरी माटोळीला, गणपतीच्या डोक्यावरच्या फळा-पानांच्या चौकटीला, काय काय टांगतो आपण, त्यात द्राक्षांचा कुणाला त्रास?

हे जाळीचं विणकाम, आलेखाच्या कागदावर चौकोन भरून करायचं. मोकळं घर म्हणजे खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेला उभा टाका), दोन साखळ्या, खांब. भरलेलं घर म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. एका घराला तीन टाके, आणि ओळीच्या शेवटी एक जादा. झालरीची उंची 40 घरं ठेवली, म्हणजे पायाच्या 121 साखळ्या, शिवाय ओळ वळवायच्या वेगळ्या. ओळी आडव्या न घेता उंचीच्या दिशेने घेतल्या, आलेख आडवा धरून. पायाला चार फुटांची साखळी मोजत बसावं लागत नाही आणि लांबी पुरली की थांबता येतं. ज्यांना पायाच्या साखळ्या मोजताना कुणीतरी हाक मारतंच, त्यांना हे पटेल.

सूत 20 नंबरचं, सुई 1.25 मिलीमीटरची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळतं असं म्हणतात, पण मला हव्या त्या पांढऱ्याचे दोनच गुंडे मिळाले. दुकानदार म्हणाला, ‘‘फाल्यां येयात.’’ (उद्या या.) मी नाही घेतले. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे हवेत. पांढऱ्यातही एक निळसर निघतो, एक पिवळट, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. घरी आणून उजेडात धरलं की मग कळतं, तेव्हा पट्टी निम्मी झालेली असते. शेवटी मडगावात सगळे गुंडे एका खोक्यातून घेतले.

आता तुकडा. नवीन नमुना असला की आधी 20 घरं आणि 20 ओळींचा तुकडा विणून धुऊन मोजायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेकजणी करत नाहीत. माझ्या हाताने 20 घरं भरली 10 सेंटीमीटर, 20 ओळी मात्र 11. फरक एवढासाच, पण ओळी लांबीच्या दिशेने जाणार म्हटल्यावर कलश तेवढा आडवा फुगणार, आणि गणपतीच्या पुढ्यात बुटका कलश कोणाला बघवेल? कलशाच्या पोटातल्या दोन ओळी आलेखातच खोडल्या. नारळ एका ओळीने अरुंद केला. 120 सेंटीमीटर लांबीला सव्वादोनशेच्या खाली ओळी लागतात, हाही हिशोब त्या तुकड्यावरूनच निघाला.

पावसात विणण्याचं एक वेगळंच शास्त्र आहे. आषाढ-श्रावणात आमच्याकडे हवा अशी की तळहाताला घाम, सूत चिकटतं, सुई सरकत नाही आणि साध्या पोलादी सुईला चार दिवसांत गंजाचा डाग येतो. तो डाग पांढऱ्या सुतावर उतरला की गेलं काम. माईंनी (सासूबाईंनी) बोटांना टाल्कम पावडर लावायला सांगितली. सुई मी काम थांबवलं की पुसून डबीत, तांदळाच्या पुरचुंडीसोबत.

कापड घेतलं मांजरपाट. मांजरपाट पहिल्या धुण्यात आक्रसतं, क्रोशाचं सूत त्या मानाने फारसं नाही. न भिजवता जोडलं तर धुतल्यावर कापड आत जातं आणि झालर लाटांसारखी उभी राहते. म्हणून कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं. झालरही धुतली आणि ओली असतानाच उशीवर ताणून टाचण्या लावल्या. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, कारण आमच्या हवेत कापड वाळायलाच दोन दिवस जातात.

जोडणी मशीनवर केली, आमच्या जुन्या उषावर. झालरीचे आणि कापडाचे आठ-आठ सारखे भाग करून खुणा जुळवल्या आणि मधे टाचण्या घातल्या. मशीनचे दात क्रोशाला ओढतात आणि पट्टी लांबत जाते. ती लांबू नये म्हणून झालरीखाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवलं, मग कागद ओढून फाडला. टोकाकडे तरीही अर्धा सेंटीमीटर जादा उरला, तो हाताने चिमटून टाके घालून मुरवला. मशीनपेक्षा हातशिलाई नेटकी दिसते असं आंटीचं म्हणणं. खरं आहे, पण चवथ तोंडावर आलेली.

खळ दिली पेजेच्या निवळीची, पातळ करून. अर्धवट ओली असतानाच उलट्या बाजूने इस्त्री.

विसर्जनानंतर ती खळ पूर्ण धुऊन काढायची, नाहीतर कपाटात बुरशी धरते आणि कसर लागते. आमचा दीड दिवसाचा गणपती, त्यामुळे हे धुणं लगेच आलं. तेवढ्यात नणंदेने तिच्या देवघरासाठी तशीच हवी म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आलेख घे, सूत एका लॉटचं आण, विणून मी देते. कापड भिजवणं आणि मशीन तुझं.