तार सापडली! (आणि त्यातून निघालेला चुंबकाचा उद्योग)

माझ्या सायकलच्या मागच्या चाकातलं, ते पुन्हा पुन्हा पंक्चर करणारं भूत काल रात्री बायकोच्या प्लकरमध्ये सापडलं. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, जाडी केसाएवढी. ट्रकच्या रेडियल टायरमधली पोलादी तार!

रडगाणं तुम्हाला पाठ आहेच. नेरूळहून निघताना हवा टणक, महापेला ऑफिसात पोचेपर्यंतही ठीक, संध्याकाळी खाली येऊन बघावं तर रिम जमिनीला टेकलेली. नवी ट्यूब घातली तरी तेच. व्हॉल्व्ह गळतोय म्हणालात, थुंकी लावून पाहिली. एक बुडबुडा नाही. रिम टेप (रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकली असेल ही शंकाही बाद, कारण स्पोकच्या बाजूने टोचलं तर भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला पडतं आणि माझी सगळी भोकं बाहेरच्या अंगाला. म्हणजे चोर टायरमध्येच.

टायर चढवताना त्यावरचं नाव मी नेहमी व्हॉल्व्हसमोर आणतो. त्या सवयीचं काल चीज झालं. बादलीत ट्यूब बुडवून भोक शोधलं, व्हॉल्व्हपासून वितीने अंतर मोजलं आणि तेवढंच टायरवर, दोन्ही दिशांना. काढताना ट्यूब उलटी झाली नसेल याचा भरवसा काय? बोट फिरवलं, काही लागेना. कापसाचा बोळा फिरवला, तर एका जागी तंतू अडकले. तरी दिसत काहीच नव्हतं. शेवटी टायर आतून बाहेर उलटवून दुमडला, तेव्हा टोक चमकलं. वजन पडलं की आत टोचायचं, उतरलं की रबरात लपायचं, असा तिचा खेळ. आमचा पंक्चरवाला ‘टायरच बदला’ म्हणत होता. नव्या टायरात नवी तार घुसली असती, दुसरं काय!

आज संध्याकाळी हवा जशीच्या तशी. पार्किंगमध्ये उगाच दोनदा अंगठ्याने दाबून पाहिलं.

पण तारा येतात कुठून? तुर्भे ते महापे, आपला एमआयडीसीचा पट्टा. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्यांतल्या तारा रस्त्यावर पडतात. गाड्यांच्या चाकांनी मधला रस्ता आपोआप साफ राहतो आणि सगळा कचरा डाव्या कडेला जमतो, म्हणजे नेमका आपल्या वाटेत. नुसता रंगाचा पट्टा मारून सायकल लेन केली तर ती याच कचऱ्यात. स्वतंत्र, कठड्याआडचा मार्ग हवा हे माझं टुमणं कायम आहे, पण झाडूची गाडी शिरणार नाही इतका तो अरुंद केला तर तारांचं गोदाम होईल. आयआरसी ११च्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या सायकल मार्गांच्या मानकाच्या, २०१५च्या आवृत्तीवरून रुंदीचा वाद घालणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या गाडीचंही माप घ्यावं. कोपनहेगनमध्ये बर्फ पडला की सायकल मार्ग आधी मोकळे करतात. इथे बर्फाच्या जागी तारा समजा.

पुढचा बेत ट्यूबलेस टायरचा होता, म्हणजे आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट. तो रद्द. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं आणि टायर रिमवर बसवायला कंप्रेसर शोधत कोण फिरणार? श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस टायर घ्यावा म्हणतोय. आत पाच मिलिमीटरचा रबरी थर, अशी तार ट्यूबपर्यंत पोचणार नाही. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी, आणि वजन असं की उड्डाणपूल चढताना आजोबा आठवतील.

थांबा. तार पोलादाची, म्हणजे चुंबकाला चिकटणार! माळ्यावर जुन्या स्पीकरचा चुंबक पडलाय. कॅरियरखाली टांगला तर? छे, तोवर माझं चाक पुढे गेलेलं असणार, फायदा मागच्याला. पुढे टांगला तर पहिल्याच गतिरोधकावर आपटेल. त्यापेक्षा काठीला बांधून पायीच ओढावा, रविवारी पहाटे, ट्रक कमी असताना. टायरची ऑर्डर तोवर थांबवतो.

तुर्भे स्टेशनपासून सुरू करतोय. येणाऱ्यांनी हातमोजे आणा, आणि चुंबक असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवूनच आणा. पिशवी उलटी करून ओढली की सगळ्या तारा एकदम सुटतात, नाहीतर नखांनी खरवडत बसावं लागेल.