वीस रुपयांचं नाणं गोल नसतं

विसर्जनानंतर मंडळाची दानपेटी उघडली की चिल्लरचा ढीग खजिनदार काकांच्या पुढ्यात येतो. नाणी ट्रेमध्ये पसरायची, वरून फोटो काढायचा आणि हिशोब लॅपटॉपवर सोडायचा, असा प्रोग्रॅम मी लिहिलाय. ‘सरळ एआय लाव ना’ म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट. नाण्याचं माप मिलीमीटरमध्ये ठाऊक असताना एआयला शिकवायला हजारो फोटोंवर खुणा करत बसणं मला पटत नाही. फोटोत वर्तुळं शोधायची जुनी, गणिती युक्ती पुरते.

या युक्तीचं मूळ म्हणजे पॉल हफ यांना १९६२ मध्ये मिळालेलं पेटंट. ते बबल चेंबरच्या (सूक्ष्म कणांच्या वाटा बुडबुड्यांनी दाखवणाऱ्या यंत्राच्या) फोटोंत कणांच्या सरळ रेषा शोधण्यासाठी होतं. डूडा आणि हार्ट यांनी १९७२ मध्ये तीच युक्ती वक्ररेषांपर्यंत नेली. युक्ती मतदानाची. कडेवरचा, म्हणजे जिथे उजेड एकदम बदलतो तिथला, प्रत्येक पिक्सेल ज्या ज्या वर्तुळावर असू शकतो त्या सगळ्यांना मत देतो. जिथे मतं साचतील तिथे वर्तुळ.

खर्च मात्र अफाट. माझा फोटो १२०० बाय ९०० पिक्सेलचा. त्रिज्या २१ ते ८० पिक्सेल यांतली कुठलीही असेल असं धरलं, तर प्रत्येक केंद्र-त्रिज्येच्या जोडीला एक अशा मतपेट्या लागतात ६ कोटी ४८ लाख, आणि कडेवरचा एकेक पिक्सेल साधारण १९ हजार मतं टाकतो. त्यात सिंहमुद्रा, आकडे, अक्षरं या सगळ्यांना कडा असतातच.

१९७५ मध्ये किमे, बॅलार्ड आणि स्क्लान्स्की यांनी यावर फार सुंदर तोड काढली. कडेवर उजेड कुठल्या दिशेने बदलतोय हे मोजता येतं, आणि वर्तुळाचं केंद्र त्याच दिशेच्या रेषेवर असणार. मग मतं चहूकडे का उधळायची? रेषेच्या दोन्ही बाजू धरून १२० मतांत काम होतं. ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअर-संचातलं नेहमीचं फंक्शन याच वाटेने जातं: आधी फक्त केंद्रं शोधायची, त्रिज्या नंतर. मतपेट्या १० लाख ८० हजारांवर येतात. माझा कॅमेरा स्टँडवर पक्का आहे, एका मिलीमीटरला ३ पिक्सेल. म्हणजे त्रिज्या २८ ते ४२ यांतलीच, आणि मतं उरली ३०. स्टँडचे पैसे इथेच वसूल.

कडेवरचे कुठलेही तीन बिंदू उचलून त्यांतून वर्तुळ काढायचं, ही दुसरी, नशिबावरची पद्धत. एकच मोठं वर्तुळ असेल तर झकास. पण ट्रेमध्ये सारखी ३० नाणी आणि निम्मे बिंदू मुद्रेचे-अक्षरांचे असले, तर तिन्ही बिंदू एकाच नाण्याच्या काठावरचे निघण्याची शक्यता ७२०० त एक. आपल्या कामाची नाही.

आता खरी गंमत. २०११ च्या मालिकेत दोनचं नाणं २५ मिलीमीटर आणि पाचचं २३. २०१९ च्या मालिकेत बरोबर उलट: दोनचं २३, पाचचं २५. टांकसाळीत कुणी माझ्यासारख्याचा विचार केलेला दिसत नाही. इथे त्रिज्या हात टेकते, रंग विचारावा लागतो. पाचचं पिवळसर, दोनचं स्टीलचं पांढरं. दहाच्या नाण्यात आत आणखी एक वर्तुळ, केंद्र तेच. म्हणून पुरेशी मतं मिळालेली सर्वांत बाहेरची त्रिज्या घ्यायची.

आणि वीसचं नाणं बारा बाजूंचं. बाजू साधारण ७ मिलीमीटरची. बाजूच्या मध्यावरून निघालेली रेषा केंद्रातून जाते, पण कोपऱ्याजवळची रेषा केंद्रापासून साडेतीन मिलीमीटरवरून निसटते. त्यामुळे मतांचं टोक तयारच होत नाही. केंद्राभोवती साधारण २१ पिक्सेल रुंदीचं सपाट पठार होतं. टोक शोधणारा प्रोग्रॅम त्या पठारावर कुठेही बोट ठेवतो. मी आता पठारच शोधतो: सलग, सारख्या मतांचा एवढा रुंद पट्टा दिसला की वीस रुपये जमा. काका मात्र अजून वीसची नाणी हातानेच वेगळी काढून ठेवतात.