आमची वाटचाल : आधी फॉल्ट, मग फॉरमॅट

ठाण्यात नौपाड्याला गावदेवीजवळ 2003 साली कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला तेव्हा आमच्याकडे एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि माझ्या पार्टनरचा हात एवढंच भांडवल होतं. पार्टनर म्हणजे आयटीआयचा दोस्त. त्या वर्षांत मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगायचे, लाइनीतल्या लोकांना आठवत असेल, प्रोसेसरच्या शेजारी रांगेत उभे असतात ते, वरची टोपी सपाट पाहिजे ती टम्म झालेली, कधी तपकिरी पाणी पाझरलेलं. मशीन मध्येच हँग, मध्येच रिस्टार्ट. बाकीचे सरळ बोर्ड बदला म्हणायचे आणि माझा पार्टनर आठच्या आठ कपॅसिटर काढून 105 डिग्रीपर्यंत तापमान सोसणारे नवीन टाकायचा, पॅड उचललं जाऊ नये म्हणून श्वास रोखून. माल आणायला मी लॅमिंग्टन रोडला जायचो, येताना दादरला गाडी बदलून, पिशवी छातीशी धरून, कारण गर्दीत कोणाचा कोपर लागला तर दिवस वाया.

नंतरची वर्षं बरी गेली. एएमसी, म्हणजे ऑफिसांची मशीन वर्षभर सांभाळायचे करार, वाढत वाढत अकरा झाल्या.

2013 चा सप्टेंबर मात्र मी विसरणार नाही. राम मारुती रोडवर एका सीए साहेबांचं ऑफिस, सहा मशीन, दुसरीकडून नवीन असेंबल करून आणलेली, आणि टॅक्स ऑडिटच्या ऐन गडबडीत रोज दुपारी दोन-तीन मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायला लागली. मला वाटलं रॅम. रॅमच्या दोन स्टिक काढून दुकानात आणल्या, रात्रभर मेमटेस्टला, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामला, लावल्या, त्यांच्याकडे माझ्या स्टिक तात्पुरत्या बसवल्या. सकाळी रिझल्ट क्लीन, एकही एरर नाही, मी त्यांच्याच स्टिक त्यांना परत बसवल्या. पण दुपारी मशीन परत पडलंच. आमच्या समोरच एक दुकान होतं, बाहेर मोठा बोर्ड, ‘200 रुपयात फॉरमॅट’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. साहेबांच्या ऑफिसातल्या कोणीतरी त्याला बोलावलं आणि त्याने मशीन उघडून पहिलं वाक्य काय टाकलं, तर ‘तुमची ओरिजिनल रॅम काढून घेतली त्याने, ही दुसरीच आहे.’

या धंद्यात यापेक्षा वाईट काही नाही. चोर म्हणणंच झालं ते. आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता, स्टिकवरचा सिरियल नंबर मी कुठेही लिहिला नव्हता. साहेब मला काही बोलले नाहीत, फक्त एएमसी बंद केली. मग तेच वाक्य ऑफिसाऑफिसातून फिरत राहिलं, लोक मशीन द्यायला यायचे आणि मी उघडताना बाजूला उभे राहून बघायचे. चार महिन्यांत अकरा एएमसीच्या दोन राहिल्या, तीन महिन्यांचं भाडं थकलं, पार्टनरने ऐरोलीला कंपनीत नोकरी धरली. त्याला दोष देत नाही, घरी लहान मुलगी होती. पण दुकानात एकट्याने शटर उघडायचं म्हणजे काय ते ज्याला माहीत त्यालाच माहीत.

त्याच दिवसांत वागळे इस्टेटचे प्रिंटिंग प्रेसवाले काका रिक्षातून आले, कॅबिनेट मांडीवर घेऊन. आमचं पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाले, ‘ऐकलंय मी सगळं. मशीन तूच उघडायचं.’ समोरच्याने दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं आणि डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं, मशीन तरी मध्येच बंद पडायचं. माझ्या टेबलावर मात्र दिवसभर मस्त चाललं. म्हणून मी त्यांच्या प्रेसवर गेलो. कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या. सॉकेटला न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला, 38 व्होल्ट! दोन-तीनच्या वर दिसायला नकोत तिथे. मग मीटर मिन-मॅक्सवर टाकून एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला पॉवर देणाऱ्या डब्याच्या, 12 व्होल्टवाल्या पिवळ्या वायरीत काळी प्रोब काळ्याला धरून बसलो. 12.1, 12.1, 12.0. पलीकडे ऑफसेट मशीनची मोटर सुरू झाली, लाइट जरासा मंद झाला, स्क्रीन काळी, आणि मीटरवर मिनिमम 10.9. पिवळ्या वायरीवर पाच टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणजे 11.4 च्या खाली जायलाच नको. एसएमपीएस आतून सुकलेला, वर अर्थिंग मेलेली. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग नीट करून घेतली, एसएमपीएस बदलला, डीटीपीला वेगळी लाइन आणि यूपीएस दिला. काका तासभर शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते, एक शब्द बोलले नाहीत.

काकांची बॅलन्सशीट त्याच सीए साहेबांकडे व्हायची. काय बोलले मला माहीत नाही, पण 2014 च्या एप्रिलमध्ये, विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला त्याच महिन्यात, साहेबांचा फोन आला. समोरच्याने तीनदा फॉरमॅट, नवीन रॅम, नवीन एसएमपीएस सगळं लावून झालं होतं आणि मशीन तशीच पडत होती.

या वेळी आधी डंप उघडले, म्हणजे मशीन पडताना विंडोज जी नोंद ठेवतं त्या फाइली. विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप म्हणून फोल्डर असतं, अकरा फाइली होत्या, अकराच्या अकरा डी-वन या एकाच एरर कोडच्या आणि प्रत्येकात नाव एकाच फाइलचं, लॅन कार्डच्या ड्रायव्हरचं, म्हणजे नेटवर्कचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. साडेतीनला टॅलीचा बॅकअप नेटवर्कवरून सर्व्हरला जायचा, लॅनवर लोड आला की मशीन आडवं. असेंबल करणाऱ्यानेही ड्रायव्हर पॅकची डीव्हीडी लावलेली आणि समोरचाही दर फॉरमॅटनंतर तसलीच लावायचा, म्हणजे तोच चुकीचा ड्रायव्हर परत आत. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून बरोबर ड्रायव्हर टाकला. मशीनमागे वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी मुद्दाम तिथेच जाऊन बसलो, एकही पडलं नाही.

नवीन पोरं विचारत नाहीत तरी सांगतो. दर वेळी वेगळा कोड आणि वेगळी फाइल आली तर रॅम नाहीतर पॉवर बघा. दर वेळी तीच फाइल आली तर बहुतेक ड्रायव्हर, मशीन उघडूच नका. विंडोजच्या सेटिंगमधली ऑटोमॅटिक रिस्टार्टची टिक आधी काढा, म्हणजे निळी स्क्रीन थांबते आणि कोड वाचता येतो, मी सप्टेंबरात ती काढली असती तर तेव्हाच सुटलो असतो. मेमटेस्ट एकेक स्टिक लावून किमान चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या, दहा मिनिटांत रॅम चांगली म्हणून कोणाला सांगू नका. आणि ते ड्रायव्हर अपडेट करून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये दिसलं की पहिलं उडवा.

आता आमच्या सतरा एएमसी आहेत आणि साहेबांची त्यात आहे. समोरचं दुकान गेलं, तिथे मोबाइल कव्हर मिळतात. पण जे बोलला ते त्याने कधी मागे घेतलं नाही आणि ते अजून कुठेकुठे फिरतंय. परवा ब्राह्मण सोसायटीतल्या एक काकू मशीन न्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘रॅम तीच आहे ना रे?’ मी ड्रॉवरमधून कार्बनचं बुक काढलं, त्यांच्याच सहीखालचा सिरियल नंबर दाखवला, कॅबिनेटचं झाकण काढून स्टिकवरचा नंबर त्यांना मोठ्याने वाचायला लावला. चौदा आकडे. त्यांनी शेवटपर्यंत वाचले.