आबांच्या बुलेटमधलं पाणी

निफाड तालुक्यात थंडी पडली की माझ्या गॅरेजात दोन प्रकारची गिऱ्हाइकं वाढतात. एक, ज्यांची गाडी सकाळी किकला दाद देत नाही. दुसरी, ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की थंडीत पातळ आणि महाग तेलच टाकावं लागतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात आली की त्या आठवड्यात मला जेवायला सवड नसते. जुन्या बुलेटवाले तर रांगेत. हा भाग द्राक्षाचा. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला, ड्रीप सोडायला माणूस जातोच, आणि जुन्या पिढीतला असेल तर बुलेटवरच जातो.

आबा त्यातलेच. गाडी १९८४ सालची, बिडाच्या सिलिंडरची साडेतीनशे, गिअर उजव्या पायाला. पहिल्या मालकाची गाडी आजही त्याच घरात असणं आता दुर्मीळ झालंय.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या नातवाचा फोन आला. "मिस्तरी, गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढू का? किकच बसत नाहीये." मागून आबांचा आवाज चढलेला होता. मी म्हटलं, अजिबात ओढू नका, छोटा हत्ती बोलवा आणि गाडी इकडे आणा.

गाडी उतरवायच्या आधीच आबा सुरू झाले. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे नाशिकला मुलीकडे होते. तेवढ्यात बागेच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत कुणीतरी पाणी ओतलं. कोणी, हे त्यांना ठाऊक होतं. बांधावरून ज्याच्याशी वाद चाललाय तो चुलतभाऊ. "तुम्ही नुसतं लिहून द्या की इंजिनात पाणी होतं. पुढचं मी पोलीस स्टेशनला बघतो."

पुरावा म्हणून नातवाने तेलाच्या टाकीचं झाकण काढून दाखवलं. आतून पांढरट, चिकट थर होता, दुधावर धरते तशी साय. बोट फिरवलं तर बोटाला चिकटून आली. गेजच्या काडीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसलं म्हणून त्याने घरातलं लिटरभर तेल आधीच ओतलं होतं. तरी किक जड ती जडच.

मी लिहून काही दिलं नाही. आधी गाडी मेन स्टँडला लावून उन्हात उभी केली. एरवी तेल काढायचं तर इंजिन तापवून काढावं, म्हणजे तळाची घाणही तेलाबरोबर बाहेर येते. इथे चालूच करायची नव्हती, त्यामुळे अकरापर्यंत उन्हाचाच काय तो आधार.

या इंजिनाची रचना आजच्या गाड्यांसारखी नाही. तेलाची टाकी क्रँककेसच्याच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्याच ओतकामात, मागच्या बाजूला आहे. एक पंप टाकीतलं तेल क्रँककडे ढकलतो, दुसरा खाली जमलेलं तेल परत टाकीत आणतो. पंपाची डिस्क झिजलेली असली की गाडी उभी राहिल्यावर टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरत जातं. पंधरा दिवसांत बरंच उतरतं. मग गेज कोरडा दाखवतो, माणूस वरून तेल भरतो, आणि प्रत्यक्षात इंजिनात तेल जास्त झालेलं असतं. क्रँकची जड चाकं थंड, घट्ट तेलात बुडालेली, मग किक बसणार कशी? ट्रॅक्टरने ओढली असती तर ते सगळं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून मागच्या टायरवर आलं असतं, आणि टायरवर तेल आल्यावर गाडीवरचा माणूस कुठे जातो ते सांगायला नको.

तेल काढायचे बोल्ट खाली वेगवेगळे आहेत, टाकीचा निराळा आणि क्रँककेसचा निराळा. बरेच जण टाकीचा एकच बोल्ट उघडतात आणि तेल बदललं म्हणून पैसे घेतात. मला या गोष्टीचा फार राग येतो, पण असो. मी टाकीच्या बोल्टखाली काचेची बरणी धरली आणि आबांना खुर्ची जवळ घ्यायला लावली.

"आबा, पाणी तेलापेक्षा जड. कुणी तांब्याभर ओतलं असेल आणि गाडी त्यानंतर चालूच झाली नसेल, तर ते तळाला बसलेलं असणार. बोल्ट काढला की आधी पाणीच येईल."

बोल्ट काढला. आधी पाच-सहा टपोरे थेंब पाण्याचे आले, चमचाभरही नसतील, आणि लगेच तेलाची धार लागली. काळपट तपकिरी, मधूनमधून पांढुरके पट्टे. टाकीतून दोन लिटरच्या आसपास निघालं. मग क्रँककेसचा बोल्ट काढला, तर तिथून सव्वा लिटर. सव्वादोन लिटरच्या इंजिनात सव्वातीन लिटर तेल होतं. नातू बरणीकडे बघत राहिला.

आबा म्हणाले, "थेंब तर आले ना पाण्याचे?"

आले होते. म्हणून मी रॉकरचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवरचं झाकण उघडलं. ते इंजिनाच्या पार माथ्यावर असतं. आतून तोच पांढरा थर, टाकीच्या झाकणापेक्षाही जाड. ब्रीदरची नळी काढली, तिच्या तोंडाशीही तेच. मग मी आबांना एवढंच विचारलं की तुम्ही नाशिकला गेल्यावर गाडी कुणी चालवली का? शेडच्या किल्लीसकट गाडीची किल्ली त्यांच्याच बंडीच्या खिशात होती. इंजिन फिरलंच नाही, तर खाली ओतलेलं पाणी माथ्यावर चढलं कसं, आणि तेलात घुसळलं कुणी? याच्यावर ते काही बोलले नाहीत.

शेवटी प्रायमरीचं तेल काढलं. डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन असते, तिचं तेल वेगळं. ते जुनं होतं, काळं होतं, पण पांढरा ठिपका नव्हता. तिथे पेट्रोल जळत नाही ना.

खरी भानगड तिथेच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. वाफ असते, म्हणून दिसत नाही. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडे वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरतात. इंजिन नीट तापलं की ती वाफ ब्रीदरमधून निघून जाते. तापलंच नाही तर थंड लोखंडाला लागून तिचं पाणी होतं आणि तेलात घुसळलं जातं. आबांचं घर ते बाग दीड किलोमीटर. ऑक्टोबर छाटणीपासून रोज पहाटे तेवढंच जायचं, गाडी बंद, उजाडल्यावर तेवढंच परत. सिलिंडर हाताला गरम लागतो, पण आतलं सव्वादोन लिटर तेल गारच.

"पहाटे सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं, बघितलंय ना?"

"ते तर रोजचंच आहे," आबा म्हणाले, आणि बोलताबोलता थांबले.

आवाज उतरला. चुलतभावाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. "मग आता तेवढ्यासाठी रोज लासलगावला जाऊ? कांदे विकायला?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं रोज नको, आठवड्यातून एकदा जा. वीस-पंचवीस किलोमीटर एका दमात चालली पाहिजे. शेडमध्ये उभ्या उभ्या अर्धा तास फुकफुक करत ठेवली तर तेल तापत नाही, उलट वाफ वाढते. आणि अशा गाडीचं तेल किलोमीटरवर बदलायचं नसतं. मीटरवर वर्षभरात हजारही पडले नसतील, तरी हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बदलायचंच.

नातवाने मोबाईलवर कुठलं तरी पातळ सिंथेटिक तेल काढून दाखवलं. मी नाही म्हणालो. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० लागतं, आणि आपलं निफाड म्हणजे लेह नव्हे. पाच अंशांत हे तेल व्यवस्थित वाहतं. त्यात डिस्क झिजलेल्या पंपातून पातळ तेल आणखी लवकर खाली उतरेल. डिझेल घालून इंजिन धुवायचं त्याच्या मित्राने सुचवलं होतं, तेही मी करत नाही. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या तेलात मिसळतं आणि क्रँकचं बिग एंड बेअरिंग त्याच्यावर चालतं. त्यापेक्षा साधं २०डब्ल्यू-५० भरायचं, गाडी चांगली तापवत शंभर-सव्वाशे किलोमीटर चालवायची आणि तेच तेल पुन्हा काढायचं. एका तेलाचे पैसे जास्त जातात, पण आत काही राहत नाही.

कापडी फिल्टर फुगून लिबलिबीत झाला होता, तो फेकला. नवा बसवून टाकी भरली. प्रायमरीत लेव्हलच्या स्क्रूमधून थेंब गळेपर्यंत तेल घातलं. गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नव्हतं, त्यात ग्रीस आणि तेलाचं मिश्रण असतं, ते जागेवर होतं. ठिणगीचे पॉइंट घासून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये आणला. व्हॉल्व्हचे टॅपेट या इंजिनाला थंड असतानाच बघायचे. पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा थोडा आवळलेला होता. कार्ब्युरेटरच्या वाटीतही तळाला पाण्याचे मणी होते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं, आणि उभ्या गाडीची अर्धी टाकी म्हणजे ओलीला मोकळी जागा. वाटी धुतली, जेट फुंकले, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलं.

किक नातवानेच मारली. सिलिंडरचा दाब सोडणारा डीकॉम्प लिव्हर दाबून अँपिअरचा काटा मध्यावर आणला, लिव्हर सोडला, एक हलकी किक वाया गेली, दुसरीला गाडी बोलली. मी लगेच रॉकरच्या नळीचा बोल्ट अर्धा आटा ढिला केला. तेल वरपर्यंत येतंय की नाही हे बघितल्याशिवाय मी बुलेट गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. पाझर दिसला, बोल्ट आवळला. सायलेन्सरमधून निळा धूर बराच वेळ आला, मग विरळ होत गेला.

आठवड्याने ते परत आले, लासलगावची एक फेरी आणि पिंपळगाव बसवंतच्या दोन फेऱ्या मारून. या वेळी दोन्ही बोल्ट नातवाने स्वतः उघडले, मी फक्त भांडं सरकवलं. तेल किंचित धुरकट होतं, झाकण आतून साफ. पंपाची डिस्क काचेवर पेस्ट लावून घासून सपाट करायचं काम एप्रिलातल्या खरड छाटणीनंतर करू असं ठरलं, कारण एप्रिलपर्यंत आबांना गाडी सोडवत नव्हती.

काढलेलं तेल आबांना बागेच्या फाटकाला लावायला हवं होतं. पहिल्या खेपेचं दिलं नाही, त्यात पाणी होतं. दुसऱ्या खेपेचं कॅनमध्ये भरून दिलं. बिल देताना त्यांनी दुसऱ्या तेलावर घासाघीस केलीच.