बरोबरच्या खाली बरोबर

जून उजाडला की अब्दुल रहमान स्ट्रीटवरून डझनाच्या भावाने वह्या आणायच्या, हा आमच्या लालबागच्या घरातला शिरस्ता माझ्या शाळेपासून चालत आला आहे. इतर विषयांना कोणतीही वही चालते. गणिताच्या वहीबाबत मात्र मुलगी आणि मी दोघेही चोखंदळ होतो. बीजगणिताला एकेरी रेघांची वही लागते आणि भूमितीला एका पानावर रेघा व समोरचे पान कोरे असलेली, कारण आकृती समोर नसेल तर सिद्धता वाचताना ओळीओळीला पान उलटावे लागते.

माझी स्वतःची गणिताची वही वर्गभर फिरत असे, हे सांगताना आज थोडी लाज वाटते. मी गणिते आधी कच्च्या वहीत सोडवायचो आणि उत्तर जुळले की पक्क्या वहीत वळणदार अक्षरात उतरवायचो. उत्तराखालच्या दोन रेघाही पट्टीने. सहामाहीच्या आदल्या रात्री ती वही उघडली, तेव्हा तिच्यात एकही चूक नव्हती, आणि म्हणूनच मी नेमका कुठे चुकतो हे ती सांगू शकत नव्हती. ते ठाऊक असलेली कच्ची वही गणपतीआधीच्या साफसफाईत रद्दीत गेली होती.

एका ओळीत एकच पायरी आणि बरोबरच्या खाली बरोबर, असा आमच्या बाईंचा दंडक होता. तो मला निव्वळ टापटिपीचा वाटे. पुढे मुलीच्या वहीत ‘३ × ४ = १२ + ५ = १७’ अशी ओळ दिसली, तेव्हा त्याचा अर्थ लागला. शेवटचे सतरा खरे असले, तरी ती ओळ तीन चोक सतरा म्हणते. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली हे बरोबरचे (=) चिन्ह छापले, ते तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी. आणि दोन समांतर रेघांहून अधिक सारखे काही असू शकत नाही, असे कारण त्याने दिले. आपण त्या चिन्हालाही ‘बरोबर’ म्हणतो आणि अचूक उत्तरालाही, त्यामुळे चिन्ह काढले की काम झाले असे मुलांना वाटत असावे, अशी माझी आपली एक शंका.

मुलगी आता आठवीत आहे. ती प्रत्येक पानावर उजवीकडे पेन्सिलने उभी रेघ मारून कच्च्या कामाला जागा ठेवते आणि चूक खोडरबराने न पुसता तिच्यावर एकच आडवी रेघ मारते. ‘३ एक्स − ७ = १४’ या समीकरणात तिने सात पलीकडे नेताना वजाच ठेवले होते; उत्तर सात तृतीयांश आले, ताळा करताना डावी बाजू शून्य झाली, आणि खोडलेल्या ओळीशेजारी तिने ‘चिन्ह!’ असे लिहून ठेवले. मागची पाने चाळली, तर तोच शब्द पंधरवड्यात सात वेळा सापडला, आणि समासातल्या तारखा पाहता त्यांतली पाच गणिते क्लासच्या दिवशी, रात्री जेवणानंतर सोडवलेली होती.

यंदाच्या नव्या वहीत तिने ती उजवी रेघ दोन बोटे आत सरकवली आहे. पक्क्या कामाला जागा कमी पडेल, अशी तक्रार मी करून पाहिली; पण पट्टी तिच्या हातात होती.